नाळेची मुदतठेव

वारंगा फाट्यावर नांदेडहून येणारा रस्ता दुभंगतो. एक शाखा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते; दुसरी हदगाव, उमरखेड करीत विदर्भात शिरते. अशा तिठ्यावर जे जे विकले जाते ते सारे मी निवृत्तीनंतरच्या या वर्षांत पाहिले आहे. बोगस बियाणे आले, दामदुप्पट योजना आल्या, विम्याच्या पॉलिसी आल्या. शहरात जे खपून शिळे झाले ते दहा वर्षांनी आमच्याकडे नवे म्हणून येते. यंदा हळद काढणीच्या सुमारास जे आले ते मात्र मलाही अनपेक्षित होते. ते होते बाळाच्या नाळेतले रक्त जपून ठेवण्याची योजना.

माझे शेजारी तीन एकर हळदीचे धनी. त्यांची सून सातव्या महिन्यात आहे. नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात तिचे नाव नोंदविलेले आहे आणि तेथेच हे गुळगुळीत पत्रक तिच्या हातात पडले. ‘ऐंशी आजारांपासून बाळाला आयुष्यभराचे संरक्षण’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापले होते. खर्च 60 हजार रुपये, हप्त्यांची सोय. शेजारी पत्रक घेऊन माझ्याकडे आले. ‘सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवलं. ही ठेव चांगली का वाईट, तेवढं सांगा.’ त्यांनी ‘ठेव’ हा शब्द वापरला, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. पत्रकात तोच शब्द होता.

मी काही सांगण्याआधी सून दारातून म्हणाली, ‘सर, लेकराच्या रक्तातच आजार असला, तर ह्या ठेवलेल्या रक्तात पण तोच असंल ना?’

बारावी शास्त्र शाखेपर्यंत शिकलेल्या या मुलीने एका वाक्यात जो प्रश्न विचारला, तो ही योजना विकणाऱ्यांनी स्वतःला विचारला नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांनी तो विचारला आहे. त्याचे उत्तर पत्रकात छापावयाचे नाही, एवढेच ठरविले आहे.

प्रथम वस्तुस्थिती. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी एकेका कामाला वाहून घेतलेल्या असतात. तांबडी पेशी प्राणवायू वाहते आणि सुमारे 120 दिवसांनी संपते. तिला स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करता येत नाही. ते काम अस्थिमज्जेतील मूठभर मूळपेशींचे. मूळपेशी दुभंगते तेव्हा तिला दोन गोष्टी साधता येतात: स्वतःसारखी आणखी एक मूळपेशी मागे ठेवणे, आणि पुढे तांबडी, पांढरी वा रक्त गोठविणारी पेशी होईल अशी संतती जन्माला घालणे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. हळदीचे सगळेच कंद शिजवून वाळवून बाजारात नेले तर पुढच्या वर्षी लावावयाचे काय? बेण्याचे कंद वेगळे राखावे लागतात. शरीर हे बेणे जन्मभर राखते आणि त्याच्या बळावर दररोज सुमारे 20 हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते.

1961 साली कॅनडातील टोरांटो येथे टिल व मॅक्युलॉक या दोघा संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून अशा पेशींचे अस्तित्व दाखवून दिले. रोग्याची बिघडलेली मज्जा औषधांनी वा किरणांनी नष्ट करून तेथे दुसऱ्याची निरोगी मज्जा रुजविण्याचे तंत्र अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी सिद्ध केले. त्यांना 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे हे काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 च्या मार्च महिन्यात केले. रोगी होती रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा होती तिच्या भावंडाची. बालपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसून वैद्यक करणारा हा डॉक्टर, आणि परळचे ते सार्वजनिक रुग्णालय! देशातील मूळपेशी उपचारांचा प्रारंभ हा असा झाला, हे आजच्या चकचकीत पत्रकांच्या काळात मुद्दाम आठवावयास हवे.

नाळेतल्या रक्तातही अशाच रक्तमूळपेशी असतात. 1988 साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले व त्याचा जीव वाचला. म्हणजे नाळेचे रक्त निरुपयोगी नाही. माझा आक्षेप त्याच्या विज्ञानाला नाही. त्या विज्ञानाचा जो सौदा करण्यात आला आहे, त्याला आहे. मघाच्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मज्जा असो वा नाळरक्त, ते दुसऱ्याचे होते.

सुनेचा प्रश्न इथे येतो. थॅलसेमिया व सिकलसेल हे जन्मजात आजार. त्यांचा दोष बाळाच्या प्रत्येक पेशीत आणि म्हणून नाळेतल्या पेशींतही असतो. त्या बाळाला त्याचेच रक्त परत देणे म्हणजे खाऱ्या विहिरीचे पाणी काढून त्याच विहिरीत ओतणे. रक्ताच्या कर्करोगाचेही पुष्कळसे तसेच. बिघाडाची सुरुवात कित्येकदा जन्मापूर्वीच झालेली असते. शिवाय परक्या मज्जेतील पांढऱ्या पेशी उरल्यासुरल्या कर्कपेशींना शत्रू म्हणून ओळखतात व मारतात. हे काम स्वतःच्या पेशी करीत नाहीत. पत्रकातील ऐंशी आजारांची यादी खरी असेलही. परंतु त्यांतील बहुसंख्य आजारांवर दुसऱ्याच्या पेशी उपयोगी पडतात, स्वतःच्या नव्हे, हे वाक्य तेवढे वगळलेले असते.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये या विषयावर आपले मत जाहीर केले. वयाच्या पहिल्या 20 वर्षांत स्वतःचेच साठविलेले नाळरक्त कामी येण्याची शक्यता 2,500 मध्ये 1 पासून ते 2 लाखांत 1 एवढी अल्प असल्याचे अंदाज त्यात दिलेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे तर अधिक स्पष्ट आहेत. पुढे स्वतःलाच उपयोग व्हावा म्हणून नाळरक्त साठविण्याला शास्त्रीय आधार नाही, असे त्यांत म्हटले आहे. घरात अशा उपचाराने बरा होणारा आजार असलेले थोरले मूल असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तेव्हा कुटुंबासाठी रक्त राखणे योग्य ठरते. तो अपवाद मलाही मान्य आहे. माझ्या शेजाऱ्यांच्या घरी तसे काही नाही. दात, नाळेच्या ऊती वगैरेंच्या ‘पेढ्यां’ना तर या तत्त्वांनी परवानगीच दिलेली नाही.

सरकारी परवाना आहे ना, मग झाले तर, असे म्हणणारे सुशिक्षित मला भेटतात. परवाना असतो तो रक्त स्वच्छ जमवून नीट गोठविण्याचा. गोठविलेल्या वस्तूची कोणाला गरज आहे काय, हे औषध नियंत्रक तपासत नाही.

आता माझ्या विषयाकडे वळतो. विमा कशाला म्हणावे, हे मी तीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. हजार घरांपैकी एका घराला आग लागणार हे ठाऊक असते. कोणत्या, ते ठाऊक नसते. म्हणून हजारजण थोडे थोडे देतात आणि जळालेले घर उभे राहते. संकट एकाचे, पण भार सर्वांचा, हे विम्याचे मर्म. नाळरक्ताची खाजगी पेढी ‘जैविक विमा’ म्हणून आपली जाहिरात करते आणि विम्याचे मर्मच काढून टाकते! इथे प्रत्येकजण आपल्यापुरता साठा करतो, त्याला कुलूप लावतो, आणि ज्याला गरज पडते त्याच्या कुलपाआड नेमके त्याला निरुपयोगी रक्त असते. उपयोगी पडणारे रक्त शेजारच्या कुलपाआड असते. आमच्या भागात पूर्वी धान्य साठविण्याची पेवे असत. दुष्काळ पडला तर आपण आपल्या पेवातले खाऊ शकत होतो. हे पेव असे की, त्यातले धान्य फक्त परक्यालाच पचते.

आणि ही गोष्ट बाजारालाही कळली आहे, यात मौज आहे. 2017 नंतर आपल्याकडील खाजगी पेढीवाल्यांनीच ग्राहकांचे नाळरक्त एकत्र करून कोणाही ग्राहकाला त्यातून देण्याची योजना काढली. एकेकट्याच्या साठ्यात अर्थ नव्हता, याची याहून स्पष्ट कबुली कोणती? सामाईक साठ्याचे तत्त्व त्यांनी मान्य केले. फक्त त्याला कुंपण घातले. ज्याने पैसे भरले तो आत, बाकीचे बाहेर. हळद उत्पादकाची सून हप्ते भरून आत जाईल कदाचित. तिच्या शेतात हळद काढायला येणारी बाई कोठे जाईल?

रक्ताच्या बाबतीत हा वाद आपण एकदा निकाली काढलेला आहे. इंग्लंडचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी 1970 मध्ये ब्रिटनच्या ऐच्छिक रक्तदानाची अमेरिकेतील विकतच्या रक्ताशी तुलना केली आणि बाजार आला की रक्त अधिक दूषित होते, वाया जाते, शिवाय देण्याची वृत्तीही आटते, असा निष्कर्ष काढला. केनेथ अ‍ॅरो यांच्यासारख्या थोर अर्थशास्त्रज्ञाने 1972 मध्ये त्यावर शंका उपस्थित केल्या. बाजारामुळे दात्याचे स्वातंत्र्य कमी कसे होईल, हा त्यांचा प्रश्न होता. विद्यार्थ्यांपुढे मी दोन्ही बाजू मांडीत असे. परंतु आपल्या देशाने पक्ष घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयानंतर 1 जानेवारी 1998 पासून धंदेवाईक रक्तविक्री बंद झाली. आज गावोगावी जयंतीला, पुण्यतिथीला रक्तदान शिबिरे होतात. माझी बाटली माझ्यासाठी राखून ठेवा, असे तेथे कोणी म्हणत नाही. अपघात हिंगोली रस्त्यावर होतो आणि रक्त भलत्याच गावच्या पोराचे चढते.

डोळ्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मूल दाबते, ती फुटते व चुना डोळ्यात उडतो. काळ्या बुबुळाच्या कडेला ज्या मूळपेशी असतात त्या जळतात आणि बुबुळ पांढरे पडते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉक्टरांनी 2012 मध्ये यावर एक साधी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यावयाचा, त्याचे आठ-दहा कण करावयाचे आणि जळलेल्या डोळ्यावर पसरावयाचे. पेशी वाढविण्याची वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. हे कण ज्यावर रुजतात ते पातळ आवरण कशाचे असते? बाळंतपणानंतरच्या वारेचे! कुणा अनोळखी बाळंतिणीने दिलेल्या वारेवर एका परक्या मुलाची दृष्टी रुजते. त्या बाळंतिणीला कोणी हप्ते मागितले नाहीत.

‘पण सर, उद्याचे विज्ञान काय करील, कोणी सांगावे?’ एजंटाचे हे हुकमी पान. उद्याच्या नावाने आज पैसे मागणाऱ्याला मी कधीच उत्तर देऊ शकलो नाही, कारण उद्या दाखविता येत नाही. तरी उद्याची दिशा तेवढी दिसते. 2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना, आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना, पुन्हा मूळपेशींसारखे बनविले. त्यांना 2012 मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे विज्ञान खरोखर तेथवर पोचले, तर बेणे तुमच्या कातडीतही सापडेल. 2023 अखेर ब्रिटन व अमेरिकेत सिकलसेलवर जनुक दुरुस्त करण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच मूळपेशी वापरतात खऱ्या, पण त्या उपचाराच्या वेळी त्याच्या चालत्या रक्तातून काढलेल्या, नाळेतल्या नव्हेत. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. आपल्या यवतमाळ-गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या आदिवासी सिकलसेल रोग्यांपर्यंत तो कधी पोचणार, हा खरा उद्याचा प्रश्न. तो कोणत्याही पत्रकात छापलेला नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट अजून सांगावयाची आहे. नाळेतले रक्त ‘वाया जाते’ असे पत्रक म्हणते. ते वाया जात नाही. बाळ बाहेर आल्यानंतरही काही क्षण नाळ उडत असते आणि ते रक्त बाळाकडे जात असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की, नाळ निदान एक मिनिट तरी बांधू नये, म्हणजे बाळाला लोह मिळते व पुढचा पंडुरोग टळण्यास मदत होते. आमच्याकडच्या जुन्या सुइणी नाळेचे उडणे थांबेपर्यंत थांबत; अडाणी म्हणून आपण त्यांना हसलो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. दर दहा मुलांतील सात! पिशवीत जितके अधिक रक्त हवे, तितकी नाळ लवकर बांधण्याचा मोह होणार, हे सांगावयास वैद्यकाची पदवी लागत नाही. दोन लाखांत एकदा लागेल म्हणून जे साठवावयाचे, ते दहांतल्या सातांना त्याच क्षणी हवे असते.

हाच धंदा आणखी एका रूपात चालतो. जन्मतः मेंदूला इजा झालेली मुले, स्वमग्न मुले, कंबरेखाली लुळे पडलेले तरुण यांच्या घरच्यांना मूळपेशींची इंजेक्शने विकली जातात. परिषदेच्या 2013 च्या मार्गदर्शक तत्त्वांतून शीर्षकातला ‘उपचार’ हा शब्दच काढून टाकण्यात आला, कारण रक्ताच्या विकारांवरील रोपण सोडता बाकीचे अजून संशोधन आहे. आणि संशोधनासाठी रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात. यावर अधिक लिहीत नाही. ज्या बापाने जमीन विकली त्याला आता हे सांगून काय उपयोग?

राज्यकर्त्यांना सोडून केवळ व्यापाऱ्यांना झोडपणे हा आमच्यासारख्यांचा दोष आहे, तो येथे टाळतो. सार्वजनिक नाळरक्त पेढी 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या रक्तकेंद्रात सुरू झाली. आपल्याकडे चेन्नईत एका धर्मादाय संस्थेने तसा प्रयत्न केला. पैशाअभावी तो रेटणे कठीण गेले. हेही मान्य केले पाहिजे की, आता आईबापांच्या अर्ध्या जुळणीच्या मज्जेचे रोपणही होऊ लागल्याने नाळरक्ताची गरज जगभर घटते आहे. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात नाळरक्ताच्या सरकारी पेढ्या काढा, अशी मागणी मी करणार नाही. मागणी वेगळी आहे.

सख्ख्या भावंडाशी ऊतींची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक. ती न झाल्यास अनोळखी दाता शोधावा लागतो. जगभरच्या नोंदवह्यांत 4 कोटींहून अधिक दाते आहेत. भारतातले काही लाख. आणि आपल्याकडे शेकडो वर्षे जातीतल्या जातीत लग्ने झाली, त्यामुळे जुळणीचे नमुनेही समाजासमाजांत वेगळे पडले. कळमनुरी तालुक्यातल्या आंध आदिवासी मुलाशी जुळणारा दाता आंध वस्तीत, बंजारा मुलाशी जुळणारा तांड्यावर सापडण्याची शक्यता अधिक. त्या वस्त्यांवर, त्या तांड्यांवर नोंदणी करावयास कोण गेले? मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत शिबिरे घेऊन ही वही पुरी होणार नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरविला की नमुना मिळतो. प्रत्येक रक्तदान शिबिरात ते करता येईल. तपासणीचा खर्च शासनाने द्यावा. आणि जुळणारा दाता सापडल्यावर तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठून परळमध्ये पदपथावर महिने काढावे लागू नयेत, म्हणून रोपणाची सोय मराठवाड्याच्या शासकीय रुग्णालयांत व्हावी. थॅलसेमियाच्या मुलांना रोपणासाठी कोल इंडियाच्या निधीतून 2017 पासून 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ही माहिती आमच्या दवाखान्याच्या भिंतींवर का नसावी? पत्रके लावावयास भिंती मोकळ्या आहेत.

ज्या नांदेडमधून हे पत्रक आले, त्याच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर या 24 तासांत 24 रोगी दगावले. त्यांतली 12 नवजात अर्भके होती. औषधे होती की नव्हती, माणसे पुरेशी होती की नव्हती, यावर तेव्हा निवेदने निघाली, दौरे झाले. एकाच शहरात एका बाळाच्या आयुष्यभराच्या संरक्षणाची ठेव हप्त्याने विकली जाते आणि दुसऱ्या बाळाला पहिला आठवडा निभावत नाही. मी ज्याला अर्थव्यवस्था म्हणून शिकवीत होतो, ती ही.

शेजाऱ्यांनी पैसे भरले नाहीत. एजंट दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याने किंमत उतरविली. शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या आईने त्याला विचारले, ‘रक्त तुम्ही नेताल, पर नाळ तर आमाला देताल ना? पुरावी लागती.’ त्याला काय बोलावे सुचेना. सुनेने मात्र माझ्याकडून एक चिठ्ठी मागून घेतली आहे: नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नये, एवढेच त्यावर लिहिले आहे. पुढच्या तपासणीला ती डॉक्टरीणबाईंपुढे ठेवणार आहे. आपण होऊन बोलावयाची तिला भीती वाटते.